कागदावरचा वाढदिवस

मी खिडकीवरचा माणूस. भाईंदर पश्चिमेला एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे बसून मला बावीस वर्षं झाली. लोक मला खडूस म्हणतात, ते मला माहीत आहे. काही तर तोंडावर म्हणतात. म्हणू देत. कागद नीट असेल तर मी कुणाला दोन मिनिटंही थांबवत नाही, आणि नीट नसेल तर कुणाचीही चिठ्ठी आणा, परत जा.

माझी एक पद्धत आहे. हातात लाल पेन्सिल घ्यायची आणि कागदावरची एकेक ओळ वाचत खाली यायचं. ओळ बरोबर असली की बाजूला टिक. इथे अडणार असं दिसलं की टिकच्या जागी छोटा गोल. गोलवाला कागद माझ्या खिडकीतून पुढे जात नाही. ही सवय इतकी हाडात मुरलीय की घरी लाईटबिल आलं तरी हात टिक करत जातो, बायकोने लिहिलेल्या किराण्याच्या यादीवरसुद्धा. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या गणिताच्या वहीतही माझे टिक आणि गोल असायचे. गोल दिसला की तो खोडरबर शोधायला लागायचा.

जन्मतारखेत तर मला कोणी गंडवूच शकत नाही. एक जून दिसली की समजायचं, मास्तरांनी टाकून दिलीय. एकतीस डिसेंबर दिसली की समजायचं, आईबापांनी वर्ष वाचवलंय. आमच्या इकडच्या शाळांत डिसेंबरअखेरची हद्द धरायचे. पोर जानेवारीत जन्मलं की गेलं, पुढच्या वर्षी या. मग लोक काय करणार? तारीख चार दिवस मागे ओढतात. मी समोरच्याकडे चष्म्यावरून बघतो, तो मान खाली घालतो, आणि मग मी टिक करतो. कारण जन्मदाखल्यावर जे छापलंय ते खरं, माझ्या बघण्याला काही किंमत नाही.

आणि हेच मी स्वतः केलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. बायको कोकणात तिच्या गावी गेली होती. कळा सुरू झाल्या, जीप सांगितली होती ती वेळेत आलीच नाही, आणि नऊ जानेवारीला घरातच, सुईणीच्या हातून मुलगा झाला. मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, मुलगा झाला. दोघंपण बरी हायत." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, ऑफिसात पेढे वाटले. पण पेढे वाटता वाटताच डोक्यात हिशेब सुरू झाला होता. नऊ जानेवारी. नऊच दिवसांसाठी पोराचं वर्ष वाया जाणार.

वर्ष वाया जाणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्या नोकरदारांनाच कळेल. घरात कोणी आजारी पडलं तर आम्ही सोसू, पण पोराचं वर्ष वाया गेलं म्हटलं की जेवण जात नाही. मी चार दिवसांनी मेव्हण्याला फोन केला. म्हटलं, "ग्रामपंचायतीत नोंद करायला जाशील ना, तेव्हा चोवीस डिसेंबर सांग."

"अहो पण भावोजी, पोर तर आत्ता झालंय."

"सांगतो तेवढं कर."

चोवीस का, तर एकतीस टाकली की माझ्यासारखा कोणीतरी चष्म्यावरून बघतो. मी लांबचा विचार करणारा माणूस. पोराने अजून डोळे नीट उघडले नव्हते आणि मी त्याचा पहिलीतला प्रवेश पक्का करून बसलो होतो. घरी आम्ही वाढदिवस नऊ जानेवारीलाच करायचो, बायको त्या दिवशी गुलाबजाम करायची. चोवीस डिसेंबर फक्त कागदावर. मुलालाही ठाऊक होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या वर्गाला दोन दोन वाढदिवस होते.

रग्बी घरात आली तो आठवीत असताना. तोवर मला हा खेळ टीव्हीवर चॅनल बदलताना दिसायचा, तेवढाच. आमच्या मीरा रोडच्या नया नगरमधला एक तरुण होता, सकाळी जिममध्ये ट्रेनर, संध्याकाळी पेणकरपाड्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं जमवायचा. तोच कोच. मैदान कसलं, एका बाजूला बिल्डरची खडी पडलेली, दुसऱ्या बाजूला क्रिकेटवाले. त्यांच्या शिव्या खात ही पोरं त्या अंड्यासारख्या चेंडूमागे धावायची आणि एकमेकांना कमरेत धरून धाडकन आडवी पाडायची. पहिल्या महिन्यातच आमच्याचा पुढचा दात अर्धा तुटला.

मी त्या कोचला गाठलं. म्हटलं, "हमको लड़के को पढ़ाना है, पहलवान नहीं बनाना."

तो हसला. "अंकल, आपका लड़का सबसे पीछे खड़ा रहता है. उसके आगे से कोई निकल नहीं सकता. आप एक बार आके देखो तो सही."

मी गेलो नाही. म्हणजे एकदाच गेलो, दोन वर्षांनी, तेही ऑफिसातून परत येताना. रस्त्याच्या कडेला बाईक लावली आणि हेल्मेट न काढताच उभा राहिलो. त्यांची मॅच चालू होती. आमचा सगळ्यांच्या मागे, एकटा. समोरून त्याच्या दीडपट पोरगा चेंडू पोटाशी धरून सुटला, मधले सगळे मागे पडले, आणि मध्ये फक्त आमचा. तो जागचा हलला नाही. वाट बघत राहिला आणि अगदी शेवटच्या क्षणाला खाली वाकून त्याने त्या दांडग्याचे पाय धरले. दोघं मातीत. चेंडू बाहेर. सगळे ओरडले. मी ओरडलो नाही, पण हेल्मेटच्या आत माझे डोळे भरून आले होते, हे आज सांगतो. घरी आल्यावर त्याला विचारलं, "सायन्सच्या पेपरचं काय झालं?"

त्याचं बारावीचं वर्ष होतं, गेल्या वर्षीचीच गोष्ट. दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी त्याने माझ्यासमोर दोन पानी कागद ठेवला. शाळकरी मुलांच्या देशाच्या संघासाठी निवड स्पर्धा होती. सगळी राज्यं आपापला संघ पाठवणार, निवड समितीची माणसं बघणार, त्यातून काही पोरं कॅम्पला आणि कॅम्पमधून भारताचा संघ. पुढच्या वर्षी तो संघ बाहेरच्या देशात खेळायला जाणार होता. आमचा राज्याच्या संघात आला होता. खाली पालकांची सही हवी होती.

"बारावीच्या वर्षी?" मी म्हटलं.

"पप्पा, पंधराच दिवस. पुस्तकं नेतो मी."

मी कागद ओढला आणि वाचायला लागलो. तो समोर उभाच. कधीपासून असा उभा राहायला लागला होता कोण जाणे, खांदे दारभर झाले होते. पहिल्या पानावर स्पर्धेचे नियम. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सतरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. स्पर्धा नोव्हेंबरात, हा डिसेंबरातला. चाललं. टिक. डॉक्टरचा दाखला, टिक. शाळेचं बोनाफाईड, टिक. दुसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात सातवं कलम. भारताच्या संघात निवडल्या जाणाऱ्या खेळाडूची, येत्या एक जानेवारीला सतरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

खऱ्या तारखेने झाली नसती. नऊ जानेवारीला झाली असती. कागदावरच्या तारखेने होत होती, आठ दिवस आधी.

मी ते कलम दोनदा वाचलं. कोचने फक्त पहिलं पान बघितलं असणार, या लोकांना शेवटपर्यंत वाचायची सवय कुठे असते. तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. अरे, तू स्पर्धा खेळशील, पण निवड झाली तरी संघात घेणार नाहीत, कारण तुझ्या बापाने तुझी तारीख मागे ओढलीय. पण माझ्या मनात दुसरंच आलं. म्हटलं, पंजाबातली पोरं येणार, ओडिशातली येणार, हाडापेराने दणकट, लहानपणापासून मैदानात लोळलेली. आपलं हे मीरा रोडचं, खडीच्या ढिगाऱ्यात शिकलेलं. तेवढं कुठे पोचतंय? दोन मॅच हरतील, परत येईल, हौस फिटेल आणि जानेवारीपासून अभ्यासाला बसेल. मग कशाला उगाच तारखेचं भूत उकरायचं?

मी सही केली. तो म्हणाला, "थँक यू पप्पा." इतका खूश झाला की त्याने आईला किचनमध्ये जाऊन उचललंच. ती ओरडली, "अरे मेल्या, तेल तापलंय, खाली ठेव!"

स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती. रोज संध्याकाळी फोन यायचा. पहिल्या दिवशी हरले. मी म्हटलं, बघ, झालंच. दुसऱ्या दिवशी जिंकले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी कोचच फोनवर आला. "अंकल, आज आपके लड़के ने अकेले ने मॅच रोक के रखा. सिलेक्टर लोग नाम पूछ के गये." मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. मग हा बोलला, घसा बसलेला. "पप्पा, आज माझ्याकडून एकपण सुटला नाही."

"बरं," मी म्हणालो. "जेवलास?"

त्या रात्रीपासून मी मनातल्या मनात म्हणायला लागलो की उद्या हरू देत. माझा स्वतःचा मुलगा, आणि त्याने हरावं म्हणून मी उशीवर पडून वाट बघत होतो. लाज वाटत होती का? वाटत होती. तरी म्हणतच होतो.

यादी लागली तेव्हा मी खिडकीवर होतो. समोर एक मुलगी तिच्या आईबरोबर उभी, तिच्या दाखल्यावर माझी पेन्सिल. फोन वाजला. "पप्पा, कॅम्पला नाव आलं. महाराष्ट्रातून तिघंच." मी म्हटलं, "अरे वा." एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर कान बंद झाल्यासारखे झाले. ती मुलगी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी पाणी प्यायलो आणि पुढचा कागद घेतला.

मग सुरू झालं ते आमच्या इथलं नेहमीचं. चौकात बॅनर लागला. एका बाजूला कुठल्याशा मंडळाच्या कार्यकर्त्यांची आठ-दहा तोंडं, मधोमध आमचा, अर्धा दात दाखवून हसणारा. खाली मोठ्या अक्षरात, भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी त्या मंडळाच्या पोरांना म्हटलं, "अरे बाबांनो, संघात अजून नाही, कॅम्पला." ते म्हणाले, "काका, एकच झालं ना ते!" विहारात सत्कार झाला. कोणीतरी माईक माझ्या हातात कोंबला, बापाने दोन शब्द बोलावेत. मी म्हणालो, "मुलाने मेहनत केली." टाळ्या पडल्या. बायको पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होती. तिच्याकडे बघून मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि मी माईक परत दिला.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला फोन केला. म्हटलं, ग्रामपंचायतीत तारीख परत खरी करून मिळेल का, सुईणीचा जबाब, काहीतरी? तो म्हणाला, "भावोजी, सुईण कवाच गेली. नि आता काय करनार? तुमीच सांगितलंवतं ना तवा." खरंच होतं. शिवाय दहावीच्या सर्टिफिकेटवर एकदा तारीख छापली की ती बदलायला किती वर्षं जातात, हे मी शेकडो लोकांना खिडकीतून सांगितलंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना.

निदान कॅम्पला जायच्या आदल्या संध्याकाळी तरी सांगायचं. तो जमिनीवर बसून बुटांचे खिळे टूथब्रशने घासत होता. मी दोनदा त्या खोलीत गेलो. पहिल्यांदा म्हटलं, "बॅग भरलीस?" दुसऱ्यांदा म्हटलं, "स्वेटर घेतलास का, तिकडे थंडी असेल." आणि मनात काय, तर कोण बघतंय! आपल्याकडे शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचतं कोण? बावीस वर्षं तेच वाचून पोट भरणारा मी, देशात माझ्यासारखा दुसरा कोणी नसावा म्हणून आस लावून बसलो होतो.

होता. असणारच. तो पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या ऑफिसात पासपोर्टसाठी कागद तपासले, आणि दुपारी कोचचा फोन आला. "अंकल, एक प्रॉब्लेम हो गया. डेट ऑफ बर्थ का." तो बिचारा चाचरत होता, चूक आपलीच असल्यासारखा. "मैंने पहला पेज देखा था, अंकल. दूसरा मेरे से छूट गया. सॉरी अंकल." मी म्हटलं, "कोई बात नहीं." दुसरं काय म्हणणार होतो? त्याला सांगायला हवं होतं की तुझ्याकडून सुटलं, माझ्याकडून सुटलं नव्हतं. तेही नाही सांगितलं.

मुलगा दोन दिवसांनी दुपारी तीनच्या सुमाराला घरी आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्याने बॅग कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले, आईने वाढलं ते सगळं जेवला. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि त्या ऑफिसवाल्यांना शिव्या घालत होती. "आठ दिवसांसाठी? माणसं आहेत का कोण? माझ्या लेकराला आठ दिवसांसाठी परत पाठवलं!" तो हात धुऊन आला, बॅगेतून प्लास्टिकची फाईल काढली आणि ती माझ्यासमोर उघडली. कॅम्पवाल्यांनी त्याचे सगळे कागद परत दिले होते. वरतीच तो दोन पानी कागद, दुसरं पान.

त्याने बोट ठेवलं. सहाव्या कलमापर्यंत लाल टिक. सातव्याच्या बाजूला गोल.

मी तो केलाय हे मला माहीतच नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. हात आपला चालला असणार, रोज चालतो तसा. गोल अगदी बारीक होता, नीट, पूर्ण.

"पप्पा, हा तुमचा ना?"

"हो."

"म्हणजे सही करताना तुम्ही वाचलं होतं."

"हो."

बायकोचा हात त्याच्या पाठीवरच थांबला. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी आवाज चढवला असता, मला ते जमतं. तो नुसता बघत होता, वहीतला गोल बघायचा तसा, आपलं कुठे चुकलं ते शोधत.

"मग बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "मला वाटलं नव्हतं…"

"मी तिथपर्यंत पोचेन असं?"

मी मान हलवली. खोटं बोलायची ताकद नव्हती. पंख्याचा आवाज येत होता, खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती, आणि मला आत काहीच वाटत नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर दाढ बधिर होते ना, जीभ लावून बघितली तरी आपली वाटत नाही, तसं.

"तुम्ही एकदा आला होतात मैदानावर," तो म्हणाला. "हेल्मेट घालून उभे होतात. मी बाईकचा नंबर बघितला. मला वाटलं होतं, तुम्हाला आवडलं."

"आवडलं होतं रे."

"बरं," तो म्हणाला. अगदी माझ्यासारखं म्हणाला. फाईल बंद करून आतल्या खोलीत गेला.

मग बायको बोलली. लग्नाला वीस वर्षं होत आली, तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता आणि त्या दिवशीही चढवला नाही. "मी नऊ तारखेला कळा सोसल्या," ती म्हणाली. "जीपची वाट बघत. चोवीस तारखेला मी अंगणात बसून शेंगा सोलत होते. तुम्ही तिथे नव्हतात, आणि तारीख तुम्ही ठरवलीत. ते एक वेळ जाऊ दे, तेव्हा मीपण गप्प बसले. पण लेकरू एवढं राबत होतं आणि तुम्हाला वाटत होतं ते हरून येईल?" तिने ताट उचललं आणि भांडी घासायला घेतली, दुपारच्या वेळी, जी ती कधी घासत नाही.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मुलगा अभ्यासाला बसायला लागला, अगदी मला हवा होता तसा. सकाळी हाका माराव्या लागत नव्हत्या. संध्याकाळी पाच वाजले की पूर्वी त्याचा एक पाय दाराबाहेर असायचा, आता पाच वाजायचे आणि तो पान उलटायचा. कोच दोनदा बोलवायला आला. दुसऱ्यांदा तर दारात उभा राहून म्हणाला, "खेल तो सकता है ना तू, यार. अंडर नाइन्टीन है, आगे है." हा म्हणाला, "परीक्षा के बाद देखते हैं, सर." बूट बॅगेतच होते. बॅग कोपऱ्यातच होती. तिच्यातून मातीचा वास येत होता, आणि ती उचलायची हिंमत तिघांपैकी कुणाचीच नव्हती.

चौकातला बॅनरही कोणी काढला नाही. मी त्या मंडळाच्या पोरांना सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, "काढू ना काका, नवीन कोणाचा आला की काढू." रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्याखालून बाईक नेत होतो, हेल्मेट घालून. एका कोपऱ्याची दोरी सुटली होती, वारा आला की माझ्या मुलाचं तोंड दुमडायचं आणि परत उघडायचं.

खिडकीवर माझं काम चालूच होतं. एकदा एक बाप आला, मुलीच्या दाखल्यावर एकतीस डिसेंबर. सवयीने मी चष्म्यावरून बघितलं. त्याने मान खाली घातली. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण काय सांगणार, आता छापून झालं होतं. मी टिक केली.

चोवीस डिसेंबरला मी ऑफिसातून सात वाजता घरी आलो. नाताळचे दिवस, बेकऱ्यांवर गर्दी, सगळीकडे ताऱ्यांचे कंदील. दार उघडलं तर टेबलावर केक. छोटा, अर्ध्या किलोचा, चॉकलेटचा. मुलगा खुर्चीवर बसला होता, अंगावर इस्त्रीचा शर्ट. बायको किचनच्या दारात उभी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं हे तिच्याकडे बघूनच कळत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"वाढदिवस," तो म्हणाला. "सतरा पूर्ण झाली आज." मग आईकडे वळून म्हणाला, "मम्मी, नऊ तारखेला काही करत बसू नकोस. गुलाबजाम वगैरे. उगाच दोन दोन कशाला."

"असं काय बोलतोस रे," ती म्हणाली.

त्याने मेणबत्ती लावली नव्हती. सुरीने सरळ एक तुकडा कापला, बशीत ठेवला आणि माझ्यासमोर धरला. मी ऑफिसची बॅग अजून खांद्यावरून काढलीही नव्हती.

"हॅपी बर्थडे म्हणा ना, पप्पा," तो म्हणाला. "तुमचीच तारीख आहे."

मी म्हणालो. त्याने मान हलवली, दुसरा तुकडा कापला आणि आईसमोर सरकवला. तिने हात लावला नाही. मी माझा उभ्याउभ्याच संपवला.